गच्चीवरची बाग आणि रविवारची उपासना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पवित्र शास्त्रातील झाडे आणि आपल्या परसातील बाग यांविषयीचे टिपण गेल्या अंकात प्रसिद्ध झाले, त्यानंतर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. ख्रिस्ती माणसाने निसर्गाकडे कोणत्या नजरेने पाहावे, असा बहुतेकांचा रोख आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत. उत्तरांची लांबी मात्र विषयानुसार कमी-अधिक झाली आहे, याबद्दल वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून नागाळा पार्क परिसरात राहते. गच्चीवर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि थोडा भाजीपाला लावला आहे. पहाटे कुंड्यांना पाणी घालताना प्रार्थनेत मन जितके रमते, तितके रविवारच्या उपासनेत रमत नाही. आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांजवळ हे बोलले, तेव्हा ते म्हणाले, “ही निसर्गपूजा झाली, ती आपली नव्हे.” माझे काही चुकते आहे का?
(एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : आपले चुकत नाही, आणि त्या वडीलधाऱ्यांची काळजीही अस्थानी नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल या दोन्ही गोष्टी चार-पाच वचनांच्या अंतराने सांगतो. देवाचे अदृश्य गुण निर्मिलेल्या वस्तूंवरून कळून येतात, असे विसावे वचन म्हणते. आणि माणसे निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीची सेवा करू लागली, असा ठपका पंचविसावे वचन ठेवते. बागेत जाण्यास येथे कोणी मनाई केलेली नाही. मोगऱ्याची कळी पाहून मनात उपकारस्तुती उमटते, की मोगरा फुलला म्हणजे देव प्रसन्न आणि जास्वंदीवर मावा पडला म्हणजे देव रुसला असा हिशेब सुरू होतो, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. आपल्या पत्रावरून तरी असा हिशेब आपण मांडत असाल असे वाटत नाही.

“ती आपली नव्हे” या शब्दांविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे. फुलांकडे पाहून देवाची आठवण होणे परके असते, तर १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्राने ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले नसते, आणि त्यांची भजने आजही आपल्या उपासनांत गायली गेली नसती. शास्त्राची सुरुवातच बागेत होते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव स्वतः एदेनात बाग लावतो आणि मनुष्याला तिची मशागत व राखण करण्यासाठी तेथे ठेवतो. हे पतनाच्या, म्हणजे माणसाने देवाची आज्ञा मोडण्याच्या, आधीचे आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. घाम, काटे आणि कुसळे तिसऱ्या अध्यायात येतात. कुदळ मात्र त्याआधीच माणसाच्या हाती आलेली असते. म्हणजे झाडांची निगा राखणे ही शिक्षा नाही, ते माणसाला नेमून दिलेले पहिले काम आहे. आपल्या चित्रांत, कॅलेंडरांवर आणि संडे स्कूलच्या फळ्यावर एदेनाचा देखावा रंगवला जातो, पण तेथे काम करणारा आदाम क्वचितच दिसतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

प्रभूच्या अखेरच्या दिवसांतही बाग सुटत नाही. योहान सांगतो की, त्याला धरले ते किद्रोन ओहोळापलीकडच्या बागेत, आणि पुरले तेही वधस्तंभाजवळच्या बागेतील नव्या कबरेत. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेला तो दिसला तेव्हा तो माळी असावा असे तिला वाटले. तिने त्याला ओळखले नाही हे खरे; पण एदेनात पहिली बाग ज्याने लावली त्याला तिने माळी समजावे, यात तिचे फारसे चुकले असे मला कधीच वाटले नाही.

आता उपासनेविषयी. एकोणिसावे स्तोत्र घ्या. “आकाश देवाचा महिमा वर्णिते” येथून ते सुरू होते आणि सहा वचने सूर्य, दिवस, रात्र यांविषयी बोलते. सातव्या वचनापासून मात्र तो कवी परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळतो, आणि शेवटी आपल्या गुप्त दोषांची क्षमा मागतो. आकाशाने त्याला स्तुती शिकवली, पण दोष दाखवले ते वचनाने. गच्चीवर आपल्याशी कोणी भांडत नाही, कोणाला क्षमा करावी लागत नाही, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या आजारी माणसाची विचारपूसही करावी लागत नाही. मंडळीत हे सारे करावे लागते, म्हणूनच कदाचित तेथे मन रमण्यास वेळ लागतो. शिवाय प्रभुभोजनाच्या मेजावर जी भाकर आणि द्राक्षारस असतो, तोही कोणाच्या तरी शेतातून आणि मळ्यातूनच आलेला असतो. पहाटेची गच्ची सोडू नये, आणि रविवारही सोडू नये. शक्य असल्यास मोगऱ्याची ओंजळभर फुले वेदीजवळ ठेवण्यासाठी न्यावीत. त्या वडीलधाऱ्यांशी बोलण्यास तेवढे निमित्त पुरेल.

प्रश्न : आमच्या परसात कृष्णकमळाची वेल आहे. शेजारच्या काकू म्हणतात, यात शंभर कौरव आणि पाच पांडव आहेत. माझी मावशी म्हणते, यात प्रभूच्या पाच जखमा आणि तीन खिळे आहेत. दोघी आपापल्या मतावर ठाम आहेत. खरे काय मानावे?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : दोघीही एकाच फुलाकडे नीट पाहत आहेत, ही त्यातली पहिली चांगली गोष्ट. आपणही एक फूल हाती घेऊन पाहावे. बाहेर दहा पाकळ्यांसारखी दले दिसतात. खरे तर त्यांतील पाच निदले आणि पाच पाकळ्या असतात. त्यांच्या आत जांभळ्या-पांढऱ्या तंतूंचे दाट कडे असते. मधल्या दांड्यावर पाच पुंकेसर खाली तोंड करून लोंबत असतात आणि सर्वांत वर तीन कुक्षी तीन दिशांना पसरलेल्या असतात. काकूंच्या कथेत तंतू म्हणजे कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. मावशींच्या कथेत तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे जखमा, तीन कुक्षी म्हणजे खिळे. आणि दहा दले म्हणजे नाकारणारा पेत्र व विश्वासघात करणारा यहूदा हे दोघे वगळून उरलेले दहा शिष्य.

ही वेल मूळची अमेरिका खंडातील. तेथे गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंनी हे फूल पाहिले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी रोमपर्यंत त्याची वर्णने व चित्रे पोहोचून ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी त्याची सांगड घातली गेली. महाभारत कितीही प्राचीन असले, तरी ही वेल आपल्या परसात येण्यापूर्वी तिच्यात कौरव-पांडव मोजणे कोणालाच शक्य नव्हते. अर्थात दोन्ही कथा श्रद्धाळू माणसांनी फुलावर वाचलेल्या आहेत, फुलाने सांगितलेल्या नाहीत. मावशींची कथा उपवासकाळात मुलांना सांगण्यास उत्तम आहे. दुःखसहनाचा सारा वृत्तान्त मुलांच्या बोटांवर राहतो. परंतु ती शास्त्रवचन नाही, आणि तिच्या जोरावर काकूंशी वाद घालण्यात काहीच हशील नाही. पेत्राला वगळले म्हणून दहा, ही मोजणी तर मला नेहमीच ओढूनताणून केलेली वाटते, कारण त्या रात्री बाकीच्यांनीही पळ काढलाच होता.

माझे म्हणणे याहून थोडे वेगळे आहे. फुलात काय दडवले आहे हे शोधण्याच्या नादात फूल काय करते हे पाहायचे राहून जाते. फूल उमलल्यावर वेलीपाशी थांबावे. मोठा काळा भुंगा येऊन तंतूंच्या कड्यावर बसतो आणि मध्यावरच्या मधाकडे तोंड खुपसून फेरी मारू लागतो; त्या फेरीत खाली तोंड केलेल्या परागकोशांचे पराग त्याच्या पाठीला फासले जातात. कुक्षी आधी उंचावर असतात, काही वेळाने त्यांचे दांडे खाली वाकतात, आणि दुसऱ्या फुलावरून आलेल्या भुंग्याची पाठ त्यांना घासते. पुंकेसरांनी खाली का पाहावे आणि कुक्षींनी मागाहून का वाकावे, याचे उत्तर त्या भुंग्याच्या पाठीच्या उंचीत आहे. एकशेचाराव्या स्तोत्राचा कवी रानगाढवे, करकोचे आणि सशांचे खडक यांची यादी करताना कोणत्याही प्राण्याला रूपक बनवत नाही. प्रत्येकाला देवाने जागा आणि अन्न दिले, एवढेच सांगून तो स्तुती करतो. कृष्णकमळापुढे मलाही तेवढेच पुरेसे वाटते. काकू आणि मावशी या दोघींना एकदा भुंगा येण्याच्या वेळी वेलीजवळ बोलावावे, असे मी सुचवीन.

प्रश्न : आमच्याकडच्या रानात कुंभ्याची झाडे पुष्कळ आहेत. मुलाने पुस्तकात पाहून सांगितले की, त्याचे शास्त्रीय नाव एका मिशनऱ्याच्या नावावरून आहे. हे खरे आहे का? ते कोल्हापूरला आले होते का? आणि धर्मप्रचारकाचा झाडांशी काय संबंध?
(एक वाचक, राधानगरी तालुका)

उत्तर : मुलाने बरोबर सांगितले. कुंभ्याचे शास्त्रीय नाव ‘कॅरेया अर्बोरिया’. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी हे नाव आपले स्नेही विल्यम केरी यांच्या सन्मानार्थ दिले. केरी कोल्हापूरला आले नव्हते. १७९३ मध्ये ते भारतात आले आणि १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बंगालमध्येच राहिले. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे रॉयल वाइल्डर आले ते त्यानंतर, १८५२ मध्ये. तरीही मराठीवर केरींचे ऋण आहे, असे म्हणावे लागेल : वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचे व्याकरण लिहिले आणि ते १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात छापले. (हे श्रीरामपूर बंगालमधील, हुगळीकाठचे, पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे.)

इंग्लंडमध्ये असताना केरी चांभारकाम करीत. झाडांचा नाद त्यांना लहानपणापासून होता आणि श्रीरामपूरला त्यांनी मोठी बाग उभी केली. रॉक्सबर्ग यांच्या निधनानंतर भारतीय वनस्पतींवरील त्यांचे हस्तलिखित संपादित करून छापण्याचे काम केरींनी केले, ते १८३२ मध्ये पूर्ण झाले. १८२० मध्ये कलकत्त्यात शेती व बागायतीसाठी संस्था स्थापन करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. चांगले बियाणे, फळझाडे आणि पडीक जमिनीची मशागत या गोष्टी त्यांना सुवार्तेच्या कामापासून वेगळ्या वाटत नसत. पोट रिकामे असलेल्या शेतकऱ्याला देवाचे औदार्य केवळ तोंडाने सांगत राहणे त्यांना पटत नव्हते, असा याचा अर्थ मी लावतो. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या सर्वच मतांशी आज आपण सहमत होऊ असे नाही, पण केरींच्या या बाजूचा उल्लेख आपल्या प्रवचनांत फार कमी होतो.

१८२३ मध्ये दामोदर नदीला आलेल्या पुराने त्यांची बाग उद्ध्वस्त केली. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती. पूर ओसरल्यावर त्यांनी बाग पुन्हा लावायला घेतली.

कुंभा पाहायचा तर उन्हाळ्याच्या तोंडी, आणि भल्या सकाळी. फुले रात्री उमलतात आणि उजाडताच गळू लागतात. झाडाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा आणि बुडाशी लालसर असलेल्या शेकडो केसरांचा सडा पडलेला असतो. वासाची मात्र फार अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : मी संडे स्कूलमध्ये शिकवते. ‘हा सुंदर निसर्ग देवाने निर्मिला’ हा धडा घेत असताना एका मुलाने विचारले, “मग आमच्या घरात पाणी आले ते कोणी पाठवले?” आमच्या भागात २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुराने घरे आणि ऊस दोन्ही बुडाले. मला उत्तर देता आले नाही.
(एक शिक्षिका, शिरोळ तालुका)

उत्तर : त्या मुलाला शाबासकी द्यावी. धड्यात जे राहून गेले होते, ते त्याने विचारले.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ज्यांनी ते पाणी चौकटीवरून चढताना पाहिले, त्यांना निसर्गाच्या सौंदर्यावरून देवाच्या चांगुलपणाकडे नेणारा सरळ रस्ता दाखवणे हा निव्वळ निष्ठुरपणा होईल. शास्त्रही तसा रस्ता दाखवत नाही. सबंध सृष्टी आजपर्यंत कण्हत आहे आणि वेदना भोगत आहे, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. ज्या निसर्गात देवाचा महिमा दिसतो, तोच निसर्ग कण्हतो आहे. ही दोन्ही वाक्ये मुलांना एकत्रच शिकवावी लागतील.

“कोणी पाठवले” या प्रश्नाजवळ जाणारा एक प्रसंग लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती, असे तुम्हाला वाटते काय, असे येशू ऐकणाऱ्यांना विचारतो आणि स्वतःच “नाही” म्हणतो. बुडालेल्या माणसाच्या माथी पाप मारण्याची वाट तो तेथेच बंद करतो, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावतो. त्याला लागूनच तो एका अंजिराची गोष्ट सांगतो. तीन वर्षे फळ नाही म्हणून धनी झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी याच्या भोवती खणून खत घालतो. हे दोन उतारे आपण नेहमी वेगवेगळ्या रविवारी वाचतो, त्यामुळे त्यांचा संबंध नजरेतून निसटतो. आपत्ती का आली याचा हिशेब येशू देत नाही; त्यानंतर लगेच तो कुदळ आणि खत घेतलेला माळी मात्र पुढे उभा करतो.

मुलांना पुराचा दुसरा अर्धा भागही सांगावा. अतिवृष्टी माणसाच्या हातात नाही, पण निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे जेथे बांधकामास मनाई असते तेथे, भराव घालून घरे बांधणे, ओढे बुजवणे आणि काठावरची झाडे तोडणे हे माणसानेच केले आहे. बागेची राखण करण्यास ज्याला ठेवले, त्याने राखण न केल्याचा हा भाग आहे, आणि त्याचे ओझे देवावर टाकता येत नाही. नेमके किती पाणी पावसाचे आणि किती आपल्या करणीचे, हे वर्गात ठरवू नये. त्यापेक्षा मुलांना एकदा घराच्या भिंतीवरची पुराची खूण मोजायला सांगावी, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस नदीकाठी जेथे परवानगी मिळेल तेथे करंज, वाळुंज किंवा जांभूळ लावावे. ही झाडे पाण्याकाठचीच असून काही दिवस मुळांशी पाणी साचले तरी तग धरतात. त्या मुलाला एवढे जरूर सांगावे की, त्याचा प्रश्न ईयोबानेही विचारला होता, आणि विचारल्याबद्दल देवाने त्याला हाकलून दिले नाही.

प्रश्न : आमच्या मंदिराच्या आवारात पवित्र शास्त्रातील झाडांची बाग करावी असे तरुण संघाने ठरवले आहे. ऑलिव्हची रोपे ऑनलाइन मिळतात. कोणती झाडे लावावीत?
(तरुण संघाचे कार्यकर्ते, कोल्हापूर)

उत्तर : ऑलिव्हवर पैसे घालवू नयेत. त्याला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यात चांगली थंडी लागते. कोल्हापुरात झाड कदाचित जगेल, पण फळ धरण्याची आशा नाही. अंजीर लावता येईल, मात्र आपल्या पावसात त्याच्या पानांवर तांबेरा पडतो, म्हणून पाण्याचा निचरा होईल अशा उंचवट्यावर, भरपूर उन्हात लावावे. डाळिंबाचेही तसेच, दमट हवेत तेल्या रोगाची भीती असते, त्यामुळे एखादेच झाड शोभेसाठी ठेवावे. द्राक्षवेल मांडवावर चढवल्यास सावली देईल, पण छाटणी जाणणारा माणूस हवा, आणि द्राक्षवेल व तिची छाटणी यांविषयीचा योहानाचा पंधरावा अध्याय वाचणाऱ्या मंडळीने छाटणीला घाबरू नये.

मोठ्या झाडांपेक्षा पवित्र शास्त्रात आलेल्या वनस्पतींची वाफ्यातली बाग अधिक सोपी आहे, आणि तिच्याकडे कोणी वळत नाही याचे नवल वाटते. येशूच्या काळच्या कर्मठ परूश्यांनी ज्यांचा दशमांश दिला तो पुदिना, शेपू आणि जिरे. देवाने अरण्यात अन्न म्हणून पुरवलेल्या मान्न्याचा दाणा ज्याच्यासारखा होता असे निर्गम सांगते ती कोथिंबीर म्हणजे धणे. इस्राएल लोकांना अरण्यात ज्यांची आठवण आली ते कांदे, लसूण आणि काकड्या. यांतील जिरे सोडले तर बाकी सारे आपल्या मातीत सहज येते. फळझाड लावलेच, तर लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे पहिली तीन वर्षे फळ न खाण्याचा नियम मुलांना सांगावा. कोवळ्या झाडावर फळांचा भार येऊ न देणे बागाइतदारही पाळतात. पीक निघेल त्याचा एक कोपरा आवाराबाहेरच्यांसाठी न तोडता ठेवावा, हा नियमही त्याच अध्यायात आहे. उरलेले हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी गूळ, नाचणी आणि भोपळ्यांबरोबर लिलावात ठेवता येईल.

दोन गोष्टींचा आग्रह धरावा. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना जुन्या झाडांच्या बुंध्याभोवतीची माती झाकू नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत सुट्टीवर न जाणाऱ्या दोघांकडे पाणी घालण्याचे काम नावानिशी सोपवावे, कारण उद्घाटनाला सारेच येतात. मोहरी मात्र विसरू नये. स्वयंपाकघरातील काळी मोहरी ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस पूर्ण थांबल्यावर, हलक्या हाताने मातीत मिसळून टाकावी. वरून अर्ध्या पेरापेक्षा जास्त माती लोटू नये. आठवड्याभरात ती उगवते आणि नाताळाच्या सुमारास पिवळी फुले धरते.